मूडल : प्रश्नपेढी झकास, रूप सरकारी फॉर्मचं
सत्राआधी कोर्स लावायला मूडल, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याचं सॉफ्टवेअर, घ्यावं ते प्रश्नपेढीसाठी, आणि तेही फुकट. गिफ्ट फॉरमॅटमध्ये (मूडलला कळणारी प्रश्न लिहिण्याची पद्धत) प्रश्न साध्या नोटपॅडवर लिहिता येतात: पर्याय महिरपी कंसात, बरोबर उत्तराआधी =, चुकीच्या आधी ~, दोन प्रश्नांमध्ये एक रिकामी ओळ. फाइल यूटीएफ-८ मध्येच (सेव्ह करताना निवडायचं अक्षरांचं एन्कोडिंग) सेव्ह करा, नाहीतर देवनागरीचा पार चुथडा होतो. गणितवाले हमखास अडकतात, कारण पर्यायातल्या समीकरणाचं = मूडल नवं उत्तर समजतं. त्याआधी \ टाकली की झालं. जुना कोर्स 'इम्पोर्ट'ने आणला तर विद्यार्थ्यांची माहिती सोबत येत नाही, हे उत्तम. मात्र तारखा एकेक तपासा. कट-ऑफ, म्हणजे स्वाध्याय स्वीकारण्याची शेवटची तारीख, गेल्या वर्षीचीच राहिली, तर स्वाध्याय जमाच होत नाहीत.