‘छंद आणि फुरसत’ जपानी शब्दपत्ते: चित्रं झकास, क्रियापदं गायब

चाकणला आमच्या कंपनीत जपानी साहेब आले की नाव-गाव झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: ‘शुमी वा नान देस का?’ छंद काय तुमचा? तेवढ्यासाठी हा संच मागवला. 100 पत्ते, 350 रुपये.

पुढे चित्र आणि कांजी (चिनी वळणाची चित्राक्षरं), मागे हिरागाना (जपानी उच्चार लिहायची अक्षरं) आणि मराठी अर्थ. रोमन अक्षरं कुठेच नाहीत, हे फार बरं केलंय. ती असली की डोळे आपोआप तिकडे पळतात. क्यूआर स्कॅन केला की उच्चार ऐकू येतो. कंपनीच्या बसमध्ये तेवढा अभ्यास होतो.

खरी गोची म्हणजे जवळपास सगळी नामंच आहेत. दोकुशो म्हणजे वाचन, त्सुरी म्हणजे गळ टाकून मासे पकडणं, ठीक. पण वाक्य कसं करायचं? आपण पेटी, बासरी, ढोल सगळं ‘वाजवतो’. तिकडे पियानो-गिटारला ‘हिकु’, बासरीला ‘फुकु’, ढोलाला ‘ताताकु’. पटावरच्या खेळांचंही तेच: शोगी ‘सासु’, तर इगो ‘उत्सु’. मी ढोलपथकातला माणूस, मला ‘ताताकु’ हवंच होतं. पत्त्यावर नुसतं ‘ताइको’ आणि ढोलाचं चित्र! ‘शुमी वा होन ओ योमु कोतो देस’ (माझा छंद पुस्तकं वाचणं) हा साचा तरी एका पत्त्यावर टाकायचा. त्यातला ‘कोतो’ गाळला की वाक्य लंगडं पडतं आणि नवशिके नेमका तोच गाळतात.

शब्दांची निवड निम्मी पर्यटन खात्याची वाटते: इकेबाना (फुलांची रचना), बोन्साय, चहाचा समारंभ. पण ‘गोरोगोरो सुरु’, म्हणजे घरात निवांत लोळत पडणं, हा पत्ता ज्याने घातला त्याला सलाम. रविवारी सहज डोंगर चढण्याला ‘यामानोबोरी’ आणि तयारीनिशी केलेल्या गिर्यारोहणाला ‘तोझान’, असे दोन वेगळे पत्ते आहेत, तेही आवडलं. ‘शिरोमेगुरी’ मात्र नाही. किल्ले पाहत हिंडण्याचा हा छंद जपानात जोरात आहे; 2006 साली तिथे 100 नामवंत किल्ल्यांची यादी निघाली आणि लोक वहीत एकेका किल्ल्याचा शिक्का घेत फिरतात. मराठी गिऱ्हाइकासाठी काढलेल्या संचात हा शब्द नसावा? शेवटच्या कोऱ्या पत्त्यावर मीच लिहून टाकला.

एन-फाइव्हवाल्यांनी, म्हणजे जपानीची सगळ्यात खालच्या पातळीची परीक्षा देणाऱ्यांनी, घ्यायला हरकत नाही. हिरागाना येत नसेल तर आधी ते उरका. आणि पत्ते ओवलेली कडी बॅगेत आपोआप उघडते, स्टेशनरीच्या दुकानातून दुसरी घ्या.