परीचा दरवाजा: किट गोड, पण गोव्याच्या भिंतीला टिकवायचा कसा?

परीचा दरवाजा म्हणजे घरात परी राहते असं मुलांना वाटावं म्हणून भिंतीला चिकटवायचा इवलासा खोटा दरवाजा. किटमध्ये एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) 15 सेंमी उंच दरवाजा, दोन बिजागऱ्या, इवलीशी शिडी, सेलवरचा दिवा आणि दुतर्फी टेप. जोडणी अर्ध्या तासाची. बिजागरीचे स्क्रू मात्र हातानेच पिळा. जोर केला तर एमडीएफ चिरतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात. चुन्याच्या भिंतीवर टेप धरत नाही, कारण ती चिकटते सुटत्या भुकटीला, भिंतीला नव्हे. चार दिवसांत परीचं घर जमिनीवर! जागा टाइलची किंवा लाकडाची निवडा: जिन्याखालची फळी, कपाटाची बाजू, तांदळाच्या डब्यामागची टाइल. स्पिरिटने पुसा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि 24 तास मुलांना हात लावू देऊ नका. एमडीएफच्या कापलेल्या कडा दमटपणा पितात आणि फुगतात. रंगवलेला पुढचा भाग ठीक, कडा कोऱ्याच सोडल्या आहेत. ही कंपनीची कंजुषी. व्हार्निशचे दोन हात कडांवर आधीच द्या.

दिव्याच्या सेलचं झाकण नुसतं सरकवायचं, स्क्रू नाही. हे अक्षम्य. गिळलेला बटण सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. लहान मूल असेल तर दिवा काढूनच टाका.

परीसाठी मुलं गूळ ठेवणारच, मग मुंग्याही येणार. त्यापेक्षा अबोलीचं फूल ठेवायला सांगा. शिडी बाकी सुबक आहे, पायऱ्यांना खिळे नाहीत, खाचा आहेत.