गोव्यातल्या घरी हॉट टब: फुगवायचा, ॲक्रिलिकचा, बांधीव की न्हाणीतला?

पर्वरीच्या मामेभावाचा गेल्या महिन्यात फोन आला. "ताई, आईचे गुडघे फारच धरलेत. गच्चीवर जकुझी बसवावी म्हणतो. तुमच्याकडे आहे ना, कुठली घेऊ?" मी त्याला उलट विचारलं, "तुझ्याकडे पाणी कुठलं येतं?" त्याला वाटलं मी विषय बदलते आहे. पण गोव्यात टब निवडायचा तर पहिला प्रश्न हाच आहे.

आमच्या फोंड्याच्या घरी आधी दोन हिवाळे फुगवायचा टब होता, गेली चार वर्षं ॲक्रिलिकचा आहे. मांद्रेला बहिणीने पाहुण्यांसाठी चिऱ्यांत बांधून घेतलेला टब आहे, आणि तिच्याकडे गेले की त्याचे फिल्टर मीच धुते. हे तिन्ही टब हाताखालून गेलेत, म्हणून हे लिहिते.

आधी नावाचा घोळ सोडवू. आपल्याकडे सगळ्यालाच जकुझी म्हणतात. जकुझी हे मुळात कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या एका इटालियन कुटुंबाचं आडनाव. त्यांचा धंदा पंपांचा होता आणि घरातल्या एका मुलाला संधिवात होता. त्याच्यासाठी त्यांनी टबात बसवायचा पंप केला, तिथून हे नाव जगभर गेलं. दुकानात मात्र या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकतात. एक न्हाणीतला जेटवाला टब, म्हणजे जोराने पाणी मारणाऱ्या तोट्यांचा: दर वेळी भरायचा, आंघोळ झाली की सोडून द्यायचा. दुसरा खरा हॉट टब: पाणी आठवडेच्या आठवडे तेच, आणि हीटर, पंप, फिल्टर, औषध यांच्या जोरावर ते चांगलं ठेवायचं. आपल्या जुन्या घरांत न्हाणीत तांब्याचं भाण असायचं, खाली जाळ, आणि दिवसभर शेतात राबलेलं अंग त्या कढत पाण्याने मोकळं व्हायचं. गरम पाण्याचं सुख आपल्याला नवं नाही. पण भाणातलं पाणी रोज ताजं असायचं. एकच पाणी दोन महिने सांभाळणं ही गोष्ट नवी आहे, आणि चुका होतात त्या तिथेच.

पाणी: नळाचं, विहिरीचं, बोअरचं

ओपा, अस्नोडा किंवा साळावलीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं नळाचं पाणी शुद्ध होऊन येतं. टबासाठी ते उत्तम, फक्त उन्हाळ्यात दाब कमी असतो तेव्हा भरायला वेळ लागतो. विहिरीचं पाणी पिऊन आपण मोठे झालो, म्हणून ते चांगलंच असं आपण धरून चालतो. पण आपली जमीन जांभ्याची. तिच्यातलं पाणी बऱ्याच ठिकाणी थोडं आम्लधर्मी, मऊ आणि लोह असलेलं असतं. डोळ्यांना ते काचेसारखं दिसतं.

मांद्रेचा टब पहिल्यांदा भरला तेव्हा मी तिथेच होते. सकाळी विहिरीचं स्वच्छ पाणी भरलं, तळाची निळी फरशी लखलखत होती. बसवणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे क्लोरीनची पूड टाकली, पंप सुरू केला, आणि चहा होईस्तोवर पाण्याचा रंग चहासारखा झाला. बहीण रडकुंडीला आली. तिला वाटलं पूड भेसळीची. पूड चांगली होती. पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीन लागताच गंजून बाहेर पडलं होतं. फिल्टर तीनदा धुवावा लागला, आणि फरशीच्या सांध्यांत बसलेली तांबूस रेघ आजही पुरती गेलेली नाही.

म्हणून टब घेण्याआधी एक साधी परीक्षा करा. पांढऱ्या बादलीत टबात भरणार तेच पाणी घ्या, क्लोरीनची चिमूटभर पूड घाला, रात्रभर ठेवा. सकाळी पाणी पिवळट झालं किंवा तळाला तांबूस गाळ बसला, तर भरण्याच्या नळीवरच गाळणी लागेल आणि क्लोरीनच्या आधी लोह बांधून ठेवणारं औषध घालावं लागेल. गाळ फारच असेल तर टँकरचं पाणी आणा, पण त्याचीही बादली आधी बघा.

आम्लधर्मी पाणी हीटरचा धातू आणि फरशीचे सांधे खातं. त्यावर उतारा स्वयंपाकघरातला आहे. 1200 लिटरच्या टबात क्षारता, म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद, 30 वरून 90 पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) न्यायला साधारण 120 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो. आधी क्षारता, मग पीएच, शेवटी क्लोरीन, हा क्रम मोडू नका. क्षारता 80 ते 120 मध्ये बसली की पीएच 7.2 ते 7.8 मध्ये राखणं सोपं जातं.

चार टब, शेजारी शेजारी

फुगवायचा टब पाच आकड्यांत येतो. पाणी 700 ते 1000 लिटर, जोडणी साध्या प्लगवर. पण त्यात खरे जेट बहुधा नसतात, हवेचे बुडबुडे असतात. अंगाला गुदगुल्या होतात, गुडघ्याला हवा तो पाण्याचा जोरदार मार बसत नाही. हे बुडबुडे पाणी थंडही करतात, आणि अनेक मॉडेलांत ते चालू असताना हीटर बंद असतो. आमचा टब अंगणात उन्हात होता. दुपारी आतली हवा फुगून भिंती टणक व्हायच्या, म्हणून रोज थोडी हवा सोडावी लागे. जूनच्या आधी तो धुऊन, कडकडीत वाळवून, घडी करून माळ्यावर टाकायचा. जरा ओलसर राहिला की चतुर्थीपर्यंत बुरशी आलीच. तरीही तो घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तो वापरला आणि घरात कोण खरंच बसतं, कोण पहिल्या आठवड्यानंतर फिरकत नाही, ते कळलं. लाखांचा टब घ्यायच्या आधी हे कळलेलं बरं.

ॲक्रिलिकचा टब लाखांत जातो. त्याला चांगला पाया हवा आणि वेगळी वायर ओढावी लागते. बदल्यात जेट पाठीच्या, पोटरीच्या नेमक्या जागी लागतात, आणि कवच जाड असल्याने पाणी दुसऱ्या दिवशीही कोमट असतं. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे शेवाळ धरायला जागा कमी. घरचीच माणसं आठवड्यातून तीन-चार वेळा बसणार असतील तर मी डोळे मिटून हाच घ्या म्हणेन. फक्त वर छप्पर करा. आमच्या पावसाला झाकण पुरत नाही. झाकणातला फोम पाणी पितो, दोन पावसाळ्यांत इतका जड होतो की एका माणसाला उचलत नाही. आणि झाकणाच्या खोलगट भागात साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या होतात. टबातल्या क्लोरीनच्या पाण्यात त्या होत नाहीत, झाकणावरच्या पावसाच्या पाण्यात होतात, म्हणून पावसाळ्यात ते रोज पुसायचं.

बांधीव टब दिसायला सगळ्यांत सुंदर. मांद्रेचा माडांखाली आहे, पाहुण्यांचे डोळे दिपतात. पण घरासाठी मी तो सुचवणार नाही. नळ्या जमिनीत गाडलेल्या, गळती लागली तर फरशी फोडल्याशिवाय ठिकाण सापडत नाही. पाणी दोन-तीन हजार लिटर, आणि उष्णता चारही बाजूंनी मातीत जाते. शिवाय फरशीच्या सांध्यांत बुळबुळीत थर धरतो, तो ब्रशनेच काढावा लागतो. समुद्र जवळ असेल तर खारी हवा पंपाचे नट-बोल्ट खाते. तिथे स्टीलची दांडी, शिडी 316 ग्रेडचीच घ्या, 304 वर ठिपके येतात.

न्हाणीतला जेटवाला टब लोक कमी प्रतीचा समजतात. माझं मत उलटं आहे. त्यात 250-300 लिटर पाणी लागतं, वापरून झालं की गेलं, क्लोरीनचा हिशेब नाही. आठवड्यातून एकदा-दोनदाच बसणार असाल तर हाच घ्या. अडचण दोन ठिकाणी. 25 लिटरच्या गिझरने तो भरत नाही. 27 अंशाचं 250 लिटर पाणी 38 वर न्यायला 60 अंशाचं निदान 80 लिटर पाणी त्यात हवं. छपरावर सोलर असेल तर ते सहज मिळतं. आणि जेटच्या नळ्यांत थोडं पाणी मागे राहतं, तिथे थर साठतो. म्हणून महिन्यातून एकदा टब जेटच्या वरपर्यंत भरून, टब बनवणाऱ्याने सांगितलेलं साफ करायचं औषध घालून पंप फिरवायचा आणि मग साध्या पाण्याने पुन्हा.

विजेचा हिशेब

हजार लिटर पाणी एक अंशाने तापवायला 1.16 युनिट लागतात. 1200 लिटर 28 वरून 37 वर न्यायचे तर साडेबारा युनिट, तीन किलोवॉटच्या हीटरला चार तासांहून जास्त. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, आपल्या हवेत तेच काम तो साधारण चौथ्या हिश्श्यात करतो. बारा महिने वापरणाऱ्याने तो नक्की जोडावा. तरी थंड देशांत टबाचं बिल जसं घाबरवतं तसं इथे नाही. उलट मे महिन्यात झाकलेला टब पंपाच्याच उष्णतेने तापत राहतो. मी तेव्हा हीटर बंद ठेवते, रात्री झाकण अर्धं उघडते, आणि 34 अंशाच्या पाण्यात संध्याकाळी बसण्यात वेगळंच सुख आहे.

विजेच्या सुरक्षिततेत मात्र एक पैसा वाचवू नका. 30 मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग हवंच. उन्हाळ्यात जांभा कोरडा पडला की अर्थिंगचा खड्डा नीट काम करत नाही, त्यात पाणी घालत राहा आणि वायरमनकडून वर्षातून एकदा मोजून घ्या. गडगडायला लागलं की टबातून बाहेर.

औषध

क्लोरीन की ब्रोमीन? ब्रोमीन गरम पाण्यात जास्त टिकतं, वास कमी, पण महाग आणि उन्हात लवकर उडतं. छपराखाली टब असेल आणि घरात कुणाला क्लोरीनचा त्रास असेल तर ब्रोमीन घ्या, नाहीतर दाणेदार क्लोरीन. स्विमिंग पूलच्या दुकानात मिळतात त्या ट्रायक्लोरच्या गोळ्या टबात टाकू नका, त्या फार आम्लधर्मी असतात. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडरही नको, तिचा पांढरा गाळ फिल्टर भरून टाकतो. आणि दोन प्रकारची क्लोरीन कोरडी असताना एकत्र करू नका, भडका उडू शकतो. मीठवाली यंत्रणा म्हणजे क्लोरीनमुक्त टब असं विक्रेते सांगतात, ते खरं नाही. ती मिठापासून क्लोरीनच बनवते.

क्लोरीन निदान 3 पीपीएम असलंच पाहिजे, हीटर बंद असला तरी. हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण माझ्या ओळखीत तीन घरांत हीच समजूत होती: पाणी गरम करत नाही, मग औषध कशाला? लिजिओनेला नावाचा फुप्फुसं बिघडवणारा जंतू साधारण 20 ते 45 अंशांत वाढतो. आपल्या नळाचं पाणीच 27-28 अंश असतं. जेटमुळे उडणारे बारीक तुषार श्वासात जातात. 1999 मध्ये नेदरलँड्समध्ये एका फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या दाखवायला ठेवलेल्या टबामुळे शंभराहून अधिक माणसं आजारी पडली आणि अनेक दगावली. त्या टबात कुणी बसलंही नव्हतं.

तपासणीच्या पट्ट्यांचा डबा आमच्या दमट हवेत महिन्याभरात बाद होतो, रंग उगाच फिके दाखवतो. मी तो तांदूळ घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते आणि पट्टी कोरड्या हातानेच काढते. क्लोरीनचा उग्र वास आला तर औषध जास्त झालं असं समजू नका. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं, घाम आणि तेलाशी लढून संपलेलं. आपल्याकडे डोक्याला खोबरेल असतंच, म्हणून टबात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ. आमच्या घरी हा नियम पाहुण्यांनाही आहे.

पाणी कधी बदलायचं? लिटरला 11 ने भागा, मग रोज बसणाऱ्या माणसांनी भागा. 1200 लिटर आणि दोन माणसं म्हणजे साधारण 54 दिवस, चार पाहुणे रोज असतील तर 27. सोडण्याआधी औषध थांबवून दोन-तीन दिवस झाकण उघडं ठेवा, पट्टीवर क्लोरीन शून्य दिसलं की पाणी माडांच्या आळ्यांत सोडा.

मामेभावाला काय सांगितलं

गच्चीवर नको. 1200 लिटर पाणी, टब आणि चार माणसं मिळून 1800 किलोच्या आसपास वजन होतं. चार चौरस मीटरवर ते पसरलं तरी चौरस मीटरला 450 किलो. घराच्या खोलीचा स्लॅब साधारण 200 किलोच्या हिशेबाने धरतात. फुगवायचा टबही भरल्यावर यातून सुटत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय तिथे पाण्याचा एक टबही ठेवायचा नाही.

मामीला पासष्टी उलटलेली, रक्तदाबाची गोळी चालू. डॉक्टरांना विचारून, 37 अंशाच्या वर नाही, पंधरा मिनिटं, आणि बाजूला कुणीतरी हवं. पाच वर्षांखालचा नातू सोबत उतरवायचा नाही. त्यांच्या छपरावर 200 लिटरचा सोलर आहे, न्हाणी प्रशस्त आहे. तिथला जेटवाला टब घे म्हणाले, आत-बाहेर करायला पायरी आणि भिंतीत पक्की दांडी बसवून. त्याने बादलीची परीक्षा तरीही केली आणि फोटो पाठवला. नळाचं पाणी, तळ पांढराशुभ्र.