एम३५ कोबाल्ट ड्रिल: स्टेनलेसला पुरून उरतो, पण फीड दिला तरच

आधी निकाल. ३०४ या नेहमीच्या स्टेनलेसमध्ये भोकं पाडायची असतील तर एम३५, म्हणजे ५ टक्के कोबाल्ट असलेल्या हायस्पीड स्टीलचा ड्रिल घ्यावा, आणि तोही १३५ अंश टोकाच्या स्प्लिट पॉइंटचाच. माइल्ड स्टील किंवा अॅल्युमिनियमसाठी घेत असाल तर पैसे वाया. तिथे साधा एचएसएस (कोबाल्ट नसलेल्या हायस्पीड स्टीलचा ड्रिल) भरपूर आहे. आणि स्टेनलेसवरही माइल्ड स्टीलच्या सवयीने चालवला, तर एम३५ साध्या ड्रिलइतक्याच लवकर बसतो.

साध्या ड्रिलची तक्रार ठरलेली: ड्रिल किंचाळतो, कीस यायचा थांबतो, खाली आरशासारखा चकचकीत खड्डा उरतो आणि मग त्यात काहीच शिरत नाही. ‘तापून पाणी चढलं’ असं म्हणून लोक मोकळे होतात. पण ३०४ला तापवून पाणी देता येतच नाही. १०५० अंश सेल्सियसच्या आसपास नेऊन झटकन थंड केलं तर ते उलट मऊ पडतं. ते कडक होतं दाबाने. धातूचा आकार बदलतो तो त्याच्या स्फटिकांतल्या डिसलोकेशन नावाच्या दोषांच्या सरकण्यामुळे. जितकं दाबाल तितके हे दोष वाढतात, एकमेकांत गुंततात आणि पुढचं सरकणं अडतं. मऊ माइल्ड स्टीलचा कडकपणा वाढण्याचा घातांक ०.२६च्या आसपास असतो, ३०४चा ०.४५, म्हणजे प्रत्येक जादा दाबाला ३०४ जास्त जोराने उत्तर देतं. शिवाय दाबाखाली त्याच्या ऑस्टेनाइट या चुंबकाला न चिकटणाऱ्या रचनेचा काही भाग मार्टेनसाइट या कडक, चुंबकाला चिकटणाऱ्या रचनेत बदलतो. चुंबक घेऊन बघा: सपाट पट्टीला जवळजवळ चिकटत नाही, थंड वाकवलेल्या कोपऱ्याला मात्र बऱ्याचदा ओढ जाणवते.

ड्रिलची धार पुढे गेली की मागे कडक झालेला पातळ थर ठेवून जाते. पुढच्या फेऱ्यात धार त्या थराच्या खाली शिरली तर कीस निघतो. वरच घासली तर थर आणखी कडक होतो आणि धार जळते. म्हणून इथे हलक्या हाताने काम करणं म्हणजे ड्रिलचा बळी देणं.

कोबाल्टचं खरं काम एवढंच, की धार तापली तरी मऊ पडत नाही. आमच्या मते त्याच्या ५ टक्क्यांपेक्षा टोकाची घडण जास्त मोलाची. ११८ अंशांच्या साध्या ड्रिलच्या मधोमध असलेली छिन्नीसारखी कड कापत नाही, नुसती दाबते, म्हणजे नेमकं नको तेच करते. स्प्लिट पॉइंटमध्ये ती कड घासून मध्यापर्यंत धार आणलेली असते. त्यामुळे खोल पंच मारायची गरज उरत नाही. मारूच नये, कारण पंचने दाबलेला बिंदू आधीच कडक होऊन बसतो. हलकी खूण पुरे.

कटिंग स्पीड मिनिटाला १२ मीटर धरा. ३ मिमी ड्रिलला साधारण १२७० आरपीएम, ६ मिमीला ६४०, १० मिमीला ३८०. फीड, म्हणजे दर फेऱ्याला ड्रिल आत सरकण्याचं अंतर, अनुक्रमे ०.०५, ०.१ आणि ०.१५ मिमी. या हिशोबाने ३ मिमी जाडीच्या पट्टीत ६ मिमीचं भोक चार-पाच सेकंदांत आरपार जायला हवं. मिनिटभर लागत असेल तर तुम्ही कापत नाही, घासताय. दोन्ही धारांमधून सारख्या लांब गुंडाळ्या येत असतील तर सगळं ठीक. एकाच बाजूने येत असतील तर टोक वाकडं घासलंय. भुगा पडू लागला तर लगेच थांबा. कटिंग ऑइल सुरुवातीपासून हवं, धूर निघाल्यावर नाही. बऱ्याच हँड ड्रिलचा ट्रिगर पूर्ण दाबला की वेग २५००च्या पुढे जातो, आणि बहुतेक ड्रिल तिथेच मरतात.

दोष आहेच: हा ड्रिल ठिसूळ आहे. हातातलं मशीन जरा कललं किंवा आरपार जाताना हिसका बसला की ५ मिमीच्या आतले कटकन तुटतात. आखूड लांबीचा घ्या, पट्टी क्लॅम्प करा, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एम४२मध्ये ८ टक्के कोबाल्ट असतो, म्हणून तो अधिक कडक आणि अधिक नाजूक. पिलर ड्रिल किंवा मिलिंग मशीन नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

खरेदी करताना रंगावर जाऊ नका. सोनेरी झळाळी बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या थराची असते. पहिल्यांदा धार लावली की टोकावरून गेली. कोबाल्ट मात्र अख्ख्या ड्रिलमध्ये असतो, त्यामुळे धार कितीदाही लावा. शँकवर (चकमध्ये धरायच्या दांड्यावर) एचएसएस-को किंवा एम३५ कोरलेलं बघा, आणि टोक उजेडात धरून मधली कड खरंच घासलेली आहे का ते तपासा. ग्राइंडरवर धार लावताना लाल झालेला ड्रिल पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

त्याच भोकात आटे पाडायचे असतील तर बोथट ड्रिल अजिबात वापरू नका. त्याने कडक केलेली भिंत पुढे टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, खाते. एम८ला (८ मिमीच्या आट्यांना) नेहमीच्या ६.८ऐवजी ६.९ मिमीचं भोक टॅपला बरंच सोपं जातं. आणि एखादं भोक चकचकीत होऊन बसलंच, तर त्यावर जोर लावू नका: पट्टी उलटी करा आणि दुसऱ्या बाजूने, नव्या धारेने, पूर्ण फीड देऊन आत शिरा.