लवंग तेलाची कवचबंद पावडर: शेवेवर नऊ महिने वापरून

डिसेंबरात आणलेली पावडर ऑगस्टपर्यंत पुरवली, म्हणजे इंदूरचा मे आणि नंतरची दमट हवा दोन्ही तिने सोसली. अकेशियाचा डिंक आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली पावडर) समसमान पाण्यात, त्यात लवंग तेल बारीक थेंबांत घुसळून इमल्शन, मग ते गरम हवेत फवारून सुकवणारा स्प्रे ड्रायर. तयार पावडरीत तेल 20 टक्के.

पिठात घालू नका, हे आधी. कवच डिंकाचं, पाणी लागलं की विरघळणारं. बेसन भिजवतानाच तेल मोकळं होतं आणि कढईत वाफेबरोबर जातं. युजेनॉल, म्हणजे लवंग तेलातला मुख्य घटक, 254 अंशांना उकळतं खरं, पण वाफ त्याला फार आधी ओढून नेते. लवंगेचं तेल काढतात तेच मुळी वाफेवर. घाणा निघताना कारखाना घमघमतो, शेव कोरीच.

तळल्यावर भुरभुरा, तेही शेव 50 अंशांखाली आल्यावर. वाफ धरलेल्या शेवेवर पावडरीचे चिकट ठिपके होतात. 10 किलोला 25 ग्रॅम, आधी 200 ग्रॅम बारीक मसाल्यात मिसळून. नुसती टाकली तर एखाद्या घासाला जीभ बधिर. शेवेवरच्या तेलकटपणाने काही बिघडत नाही, कारण डिंक तेलात विरघळत नाही. वास सुटतो तो तोंडात, लाळ लागल्यावर. पैसे त्याचेच.

पावडरीची पिशवी उघडताच दरवळ आला की घेणारा खूश होतो. खरं उलट आहे: तेवढं तेल कवचाबाहेर राहिलंय, तेच आधी उडणार आणि तपकिरी पडणार. चिमूटभर पावडर टिपकागदात दाबून दहा मिनिटांनी बघा. तेलाचा पारदर्शक डाग दिसला तर लॉट परत करा. दुसऱ्या लॉटमध्ये एका पिशवीला डाग, दुसरीला नाही. लवंग तेल पाण्यापेक्षा जड. इमल्शन जाडंभरडं राहिलं आणि टाकीतलं ढवळणं थांबलं की थेंब तळाशी बसतात, आणि असा फरक पडतो.

पावसाळ्यात उघडा डबा दोन दिवसांत खडा. तो फोडून वापरू नये, ओलीने कवच आधीच बसलेलं असतं. माल्टोडेक्स्ट्रिन डीई 10 चं आहे का विचारा (डीई म्हणजे स्टार्च किती तोडलंय त्याचा आकडा), 20 चं लवकर ओल धरतं. ॲल्युमिनियम थर असलेल्या 500 ग्रॅमच्या पिशव्याच घ्या, आणि एक संपल्याशिवाय दुसरी फोडू नका.

पिठातच चव हवी असेल तर कुटलेली लवंग बरी.