डाउनरिगर, डिप्सी की लेडकोर: लेक मिशिगनवर सॅमनसाठी आधी काय घ्यावं?

अमेरिकेतल्या लेक मिशिगन या सरोवरावर स्वतःच्या छोट्या बोटीमागे आमिष ओढत सॅमन धरायचा ठरवून दुकानात गेलं की नजर पहिल्यांदा स्पूनच्या, म्हणजे चमच्यासारख्या धातूच्या आमिषांच्या, भिंतीकडे जाते. हिरवे, निळे, अंधारात चमकणारे, शेकडो. तिथे पैसे घालवायची घाई करू नका. आमिष किती खोल न्यायचं आणि त्याच खोलीवर कसं राखायचं, हे आधी ठरवा. सर्वांत खोल जागी हे सरोवर 900 फुटांहून जास्त आहे आणि मासा त्यातल्या एका पातळ पट्ट्यात फिरत असतो. त्या पट्ट्यात साधा स्पूनसुद्धा चालतो, आणि त्याच्या वीस फूट खाली उत्तमातला उत्तम स्पूनही वाया जातो.

हा पट्टा ठरतो तापमानावर. सॅमन इथला मूळचा नाही. 1966 साली मिशिगन राज्याने कोहो जातीचा सॅमन सोडला आणि 1967 साली चिनूक जातीचा. तेव्हा समुद्राकडून शिरलेल्या एलवाइफ या छोट्या माशाने सरोवर भरून गेलं होतं. चिनूक आजही एलवाइफच्या मागे असतो, पण त्याला साधारण 50 ते 55 अंश फॅरनहाइटचं पाणी मानवतं. एप्रिलमध्ये सगळंच पाणी गार, त्यामुळे दक्षिण टोकाला किनाऱ्यालगत जिथे जरा ऊब धरते तिथे कोहो वरच्या थरात सापडतो. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी तापतं, खालचं गारच राहतं, आणि चिनूक या दोहोंच्या सीमेजवळ उतरतो. ही सीमा वाऱ्याबरोबर हलते. विस्कॉन्सिनच्या बाजूला पश्चिमेचा वारा टिकला तर वरचं ऊबदार पाणी आत ढकललं जातं आणि थंड पाणी किनाऱ्याशी वर येतं. काल 90 फुटांवर लागणारा मासा आज 40 फुटांवर असू शकतो. साधन निवडताना हा बदल किती चटकन गाठता येईल, ते पाहायचं.

त्यात डाउनरिगरला तोड नाही. तारेला 10-12 पौंडांचा गोळा, गोळ्याजवळ क्लिप, क्लिपमध्ये आपला दोर. मीटर पाहत हव्या त्या खोलीवर सोडायचं. मासा लागला की दोर क्लिपमधून सुटतो आणि मग तुमच्या आणि माशाच्या मध्ये काही उरत नाही. चिनूकची पहिली धाव अशा मोकळ्या दोरावर अनुभवायला मिळते, आणि माझ्या मते या मासेमारीतला सगळ्यात मोठा आनंद तोच. क्लिपच्या वर त्याच दोरावर सहा-आठ फुटांचा सरकता लीडर (आमिष बांधायचा छोटा दोर) आणि हलका स्पून लावला की एका रॉडवर दोन खोल्या तपासता येतात. अडचणीही आहेत. बोटीच्या काठाला भक्कम आधार लागतो. पातळ फायबरच्या काठाखाली पट्टी न घालता बसवलं तर काठ तडकतो. हाताने फिरवायचा डाउनरिगर 40 फुटांना ठीक आहे, पण 100 फुटांवरून गोळा दिवसभर वर-खाली करताना खांदे भरून येतात. शिवाय खोल गेल्यावर गोळा मागे ओढला जातो, त्यामुळे मीटरवर 100 दिसत असलं तरी आमिष त्याहून वरच असतं.

डिप्सी डायव्हर ही दोराला बांधायची गोल तबकडी. ओढली की ती खाली जाते आणि बाजूलाही सरकते. बुडाचा आकडा 0 वर असेल तर सरळ खाली. 3 वर नेलात तर बोटीपासून लांब पण कमी खोल. बसवायचं काहीच नाही. मजबूत रॉड, भक्कम रॉड होल्डर आणि मीटर असलेली रील एवढं पुरतं, आणि खर्च डाउनरिगरच्या मानाने थोडा. आमिष बोटीच्या आवाजापासून बाजूला जातं, स्वच्छ पाण्यात याचा फार उपयोग होतो. दोर मात्र न ताणणारा ब्रेडेड, म्हणजे विणलेलाच हवा. मोनो, म्हणजे एकाच धाग्याचा नायलॉन दोर, ताणतो आणि लांबून झटका दिला तरी तबकडीचा खटका सुटत नाही. मग अख्खी तबकडी पाण्याला अडवून धरते आणि ती ओढत आणताना हात गळून जातात. लीडरही रॉडच्या लांबीइतकाच ठेवता येतो, कारण तबकडी टोकाच्या कडीतून आत येत नाही. नेमकी खोली कळत नाही, अंदाज बांधावा लागतो.

लेडकोर म्हणजे आत शिशाची तार असलेला दोर, दर 30 फुटांना रंग बदलणारा. ताशी दोन मैलांच्या आसपास एक रंग साधारण पाच फूट खाली नेतो. पाच रंग सोडले की पंचवीसेक फूट, तेही बोटीच्या खूप मागे आणि गाजावाजा न करता. मे-जूनमध्ये प्लेनर बोर्डला (दोर बोटीपासून बाजूला नेणाऱ्या तरंगत्या फळीला) लावून बाजूला काढलेला लेडकोर बुजऱ्या माशांना छान फसवतो. आणखी खोल जायचं तर तांब्याचा दोर: 45 पौंडी तांब्याचे 300 फूट सोडले तर साठ-पासष्ट फूट खोली मिळते. पण खोली बदलायची म्हणजे सगळं गुंडाळून पुन्हा सोडायचं, आणि बोट जरा वेगात गेली की आमिष वर येतं. दोनच माणसं असतील तर एवढे लांब दोर सांभाळणं जिकिरीचं. वळताना मात्र हा दोर खूप शिकवतो. आतल्या बाजूचा दोर मंदावून खाली बसतो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. मासा कुठल्या बाजूला लागला त्यावरून वेग कमी करायचा की वाढवायचा, ते कळतं.

आमिषांचं थोडक्यात. स्पून ताशी 2.3 ते 2.8 मैलांना छान डुलतो, फ्लॅशर या चमकत्या पट्टीमागची फ्लाय (झुपकेदार धाग्यांचं आमिष) 2 ते 2.5 ला, हेरिंगचा तुकडा त्याहूनही सावकाश. तिन्ही एकत्र लावलीत तर वेग कोणालाच धड बसत नाही. एका दिवशी एकाच जातीच्या आमिषावर भर द्या. जीपीएसचा वेगही वरच्या बोटीचाच असतो, खालच्या आमिषाचा नव्हे. खाली प्रवाह उलटा असेल तर आमिष वेगळ्याच वेगाने चाललेलं असतं. गोळ्याजवळ वेग आणि तापमान मोजणारं यंत्र महाग आहे, पण स्पूनचा दुसरा डबा घेण्याआधी मी त्यासाठी पैसे साठवेन.

हा छंद आपल्याला झेपेल का, याचीच अजून खात्री नसेल तर दोन डिप्सी घ्या: एक 1 वर, एक 3 वर, दोन्ही ब्रेडेड दोरावर. एक मोसम त्यावर निभतो. बोट स्वतःची असेल आणि मन मुख्यतः जुलै-ऑगस्टच्या चिनूकवर असेल, तर मधल्या कशात पैसे न अडकवता एक विजेवर चालणारा डाउनरिगर घ्या आणि दोन्ही बाजूंना डिप्सी लावा. तीन दोर दोघांना नीट सांभाळता येतात आणि गुंताही होत नाही. फक्त वसंतातल्या कोहोवर समाधान असेल तर डाउनरिगरची गरज नाही. प्लेनर बोर्डची जोडी, नारिंगी किंवा लाल डॉजर (फ्लॅशरसारखीच डुलणारी पट्टी) आणि मागे छोटी फ्लाय. लेडकोर दुसऱ्या वर्षी, तिसरं माणूस बरोबर येऊ लागलं की. लांब दांड्याची मोठी जाळी मात्र यातल्या कुठल्याही निवडीबरोबर पहिल्याच दिवशी घ्या, कारण डिप्सीवरचा मासा लीडरच्या लांबीपेक्षा जवळ येत नाही आणि आखूड दांडा तिथवर पोचत नाही.