सेंद्रिय शेती की पर्माकल्चर? आधी जमीन कुणाची ते बघा

रासायनिक खतं सोडायची हे ठरलं की पुढचा प्रश्न हाच येतो. पर्माकल्चर म्हणजे झाडं, पिकं आणि पाणी यांची जंगलासारखी, कायमची मांडणी केलेली शेती. दोन्ही वाटा मातीच्या भल्याच्या आहेत, पण मागणी वेगळी करतात.

सेंद्रियात शेताची मांडणी बहुतेक तीच राहते. युरियाच्या जागी कंपोस्ट, शेणखत, हिरवळीचं खत येतं आणि तणनाशकाच्या जागी खुरपणी. पीक हंगामी, पैसाही हंगामी. प्रमाणपत्रासाठी साधारण 2 ते 3 वर्षांचा रूपांतराचा काळ जातो, पण मग मालाला ओळख मिळते. पर्माकल्चरमध्ये मालावर असा शिक्का बसत नाही. त्याचा 72 तासांचा प्रसिद्ध अभ्यासक्रम माणसाला आराखडा करायला शिकवतो, एवढंच.

पर्माकल्चरची कल्पना 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी मांडली. जंगल कुणी खतपाणी न घालता टिकतं, मग शेत तसं का रचू नये? म्हणून घरापासूनच्या अंतराप्रमाणे जागेचे विभाग पाडायचे: घर हा शून्य विभाग, रोज तोडायची भाजी दाराशी, फळझाडं त्यापलीकडे आणि शेवटी, पाचव्या विभागात, हात न लावलेलं रान.

मला त्याची खरी ताकद पाण्यात दिसते. उतारावरची समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ओळ, शोधायला तीन काठ्यांची A अक्षरासारखी ए-फ्रेम बांधायची, मधोमध ओळंबा सोडायचा. उतारावर आडवं चालत एकेक पाय टेकवायचा. दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की तिथे खुंटी. खुंट्यांच्या ओळीने चर खणायचा, निघालेल्या मातीचा खालच्या अंगाला बांध घालायचा, बांधावर झाडं लावायची. धावत जाणारं पावसाचं पाणी चरात थांबतं आणि मुरतं. पुढे पावसाने ओढ दिली की ही ओल झाडांच्या मुळांशी कामाला येते. तीव्र उतारावर मात्र हे करू नका. चर भरला की माती घसरू शकते.

उणी बाजूही मोठी आहे. झाडं फळायला वर्षं लागतात, आणि मिश्र लागवडीत यंत्र फिरत नाही, म्हणून काढणी हाताने. मोठ्या क्षेत्रावर धान्यच पिकवायचं असेल तर मी सेंद्रियच सांगेन.

माणसांचा मुद्दा अनेकजण सोडून देतात. जमिनीची काळजी, माणसांची काळजी आणि जास्तीचं वाटून घेणं ही पर्माकल्चरची तीन मूल्यं. ती शोभेची नाहीत. समपातळी रेषा तुमच्या हद्दीवर थांबत नाही. वरच्या शेजाऱ्याने पाणी अडवलं नाही तर तुमचा बांध फुटतो. चर खणायला चार हात, बियाण्याची देवघेव, जास्तीची फळं उचलणारी घरं असतील तरच हे निभतं.

जमीन खंडाने घेतलेली असेल किंवा याच हंगामात घर चालवायचं असेल, तर सेंद्रिय करा. दहा वर्षांत ती जमीन सोडावी लागली, तर लावलेली झाडं दुसऱ्याची होतील. जमीन स्वतःची आणि शेजार जुळलेला असेल, तर पर्माकल्चर नक्की करा. पण पहिलं वर्षभर फक्त बघा: पाणी कुठून येतं, कुठे साचतं, वारा कुठून झोडपतो. मग दाराशी एक वाफा घाला आणि पहिला चर सर्वांत वरच्या अंगाला खणा.